पाच पूर्णांक एक दशांश

मध्यमवर्गीय माणसाला सुट्या वस्तूंची धास्ती असते. सुटं घ्यायचं म्हणजे निवड आली, निवड आली की जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली की पुढची दहा वर्षं "तूच पसंत केलं होतंस" हे ऐकणं आलं. ऑडिओचे खरे दर्दी या भानगडीत आनंदाने पडतात. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर जपानचा, स्पीकर इंग्लंडचे, आणि मधली वायर कुठल्या देशाची असावी यावर त्यांच्यात दोन तट. हे लोक गाणं ऐकत नाहीत, वायर ऐकतात, असा माझा जुना संशय आहे. उरलेल्या जनतेसाठी कंपन्यांनी खोका काढला. त्या एका खोक्यात डीव्हीडी प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, एफएम रेडिओ, पाच स्पीकर, एक सबवूफर, वायरींची भेंडोळी, रिमोट आणि रिमोटचे सेलसुद्धा. निवड फक्त एवढीच करायची, की हा खोका घ्यायचा का त्याच्या शेजारचा.

आमच्याकडे असा खोका २००७च्या दिवाळीत आला. जोहान्सबर्गला मिसबाहचा तो चेंडू श्रीशांतच्या हातात पडून दीडेक महिना झाला होता आणि अख्ख्या देशाला सगळं काही मोठ्या आवाजात ऐकावंसं वाटत होतं. खोका कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही. आमच्या शहरात टीव्ही-फ्रिजवाल्या कंपन्यांबद्दल जरा जपूनच बोलावं लागतं; समोरच्याचा मेव्हणा कुठल्या असेंब्ली लाइनवर होता ते आधी ठाऊक नसतं. पैठण रस्त्याला चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. साखर-कापसाच्या व्यवहारातून आलेल्या धूत घराण्याने ऐंशीच्या दशकात जपानच्या तोशिबाशी तांत्रिक करार केला, रंगीत टीव्ही बनवायला घेतले, आणि इलेक्ट्रॉनिक्स ही मुंबई-बंगळुरूची नव्हे तर सकाळी नाक्यावर येणाऱ्या कंपनीच्या बसची गोष्ट आहे, हे औरंगाबादेतल्या एका पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यांच्या एका टीव्हीचं नाव बझूम्बा होतं. नुसतं नाव घेतलं तरी कपबशा हलाव्यात! ज्या गावात टीव्हीलासुद्धा असं नाव पडतं, तिथे लोकांना आवाजाची हौस असणारच.

दुकानात आमच्यासमोर डेमोची डीव्हीडी लावली. आधी पाऊस पडला, मग काच फुटली, मग डाव्या कानामागून एक हेलिकॉप्टर निघालं आणि बाबांच्या टकलावरून उजवीकडे गेलं. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथेच सौदा झाला म्हणायला हरकत नाही. तरी विक्रेत्याने खोक्यावरचा आकडा दाखवलाच. हजारो वॅट, पुढे पीएमपीओ. या पीएमपीओबद्दल मला मनापासून आदर आहे. आरएमएस म्हणून एक सरळमार्गी माप असतं. यंत्र सतत किती ताकद देऊ शकतं ते त्यावरून कळतं. पीएमपीओला असं काही ठरलेलं मापच नाही. एखाद्या निमिषात, सगळे ग्रह अनुकूल असताना, यंत्राच्या हातून जास्तीत जास्त काय घडू शकेल याचा तो अंदाज, आणि अंदाज करणाराही कंपनीचाच माणूस. लग्नाच्या बायोडाटात 'उत्पन्न' या रकान्यासमोर जे लिहिलेलं असतं ते पीएमपीओ. संसार आरएमएसवर चालतो.

घर सिडकोतलं. सत्तरच्या दशकापासून सिडकोने या शहराच्या पूर्वेला जी वसाहत उभी केली, तिच्यातलं एक ओळीतलं घर. डावी भिंत शेजाऱ्यांची आणि आमची समाईक, उजवी दुसऱ्या शेजाऱ्यांची आणि आमची समाईक. निव्वळ आमची अशी भिंत फक्त मागची, आणि तिला खिडकी. माहितीपत्रकातल्या चित्रात मात्र एक प्रचंड दिवाणखाना होता. मधोमध सोफा, सोफ्यावर हसणारं चौकोनी कुटुंब, त्यांच्या पुढे तीन स्पीकर, मागे दोन. आमच्या हॉलमध्ये सोफा समाईक भिंतीला पाठ टेकून बसलेला. त्याच्यामागे स्पीकर ठेवायचा तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ठेवावा लागला असता.

बसवायला आलेला मुलगा शहागंजकडचा होता. त्याने हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, फरशीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "साब, कमरा बजता बहोत है. परदे डालो, गालीचा डालो." आईने त्याला चहा दिला आणि गालिच्याचा विषय तिथेच मिटला. शेवटी पाचांची व्यवस्था अशी झाली: समोरचा डावा टीव्हीशेजारी, उजवा देवघराच्या फळीवर, मधला टीव्हीच्या डोक्यावर, मागचा एक खिडकीच्या गजाला बांधलेला आणि दुसरा, वायर पुरली नाही म्हणून, जिन्याच्या पायरीवर. त्यामुळे सिनेमात मागून कुणी आलं की ते आमच्या गच्चीवरून उतरून यायचं.

सबवूफरला जागा कोपऱ्यातच मिळाली, आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर भिंतींच्या संगतीने जास्तच घुमतो. पाच पूर्णांक एक दशांश या हिशेबातला दशांश म्हणजे हाच. माणसाचा कान वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत ऐकतो असं मानतात. सबवूफरसाठी राखलेला मार्ग त्यातल्या फक्त तळाच्या, साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या पट्टीचा. एवढ्याशा कामाला पूर्ण आकडा कशाला द्यायचा, म्हणून दशांश. पण या दशांशाची कर्तबगारी मोठी. चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते आणि आमचा हॉल लांबीला जेमतेम साडेतीन. म्हणजे एक अख्खी लाट उभी करायला आमचं घर कमी पडायचं आणि उरलेली लाट शेजारी जायची. शिवाय इतका खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळत नाही, आणि भिंत त्याला फारशी अडवत नाही. त्यामुळे आमच्याकडे डायनासोर चालू लागला की शेजारच्या काकूंना वाटायचं, त्यांच्याच गच्चीवरची टाकी सरकते आहे. त्या एकदा पाहून आल्या. दुसऱ्यांदा त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे आवाज कमी करा, हा करार त्या दिवशी झाला आणि तो दोन्ही घरांनी निष्ठेने पाळला.

घरातली पहिली तक्रार शोकेसची. शोकेसच्या सरकत्या काचा, आत वक्तृत्व स्पर्धेचे कप, काश्मीरचा शिकारा आणि कापसाची बाहुली. सबवूफरच्या एका ठरावीक सुराला त्या काचा अशा काही थरथरायच्या की खलनायकाची प्रत्येक एंट्री पैंजण घालून झाल्यासारखी वाटायची. आईने काचांच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या खोचल्या. त्या अजून तिथेच आहेत. एका घडीवर जायकवाडीचा पाणीसाठा वाचता येतो.

यंत्र आलं, आता त्याला खायला काय घालायचं? सुदैवाने त्याच वर्षी बाजारात स्वस्ताई आली होती. मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली होती. गुलमंडीवर भाजी घ्यायला गेलेला माणूस कोथिंबिरीसोबत तीन सिनेमे घेऊन घरी येऊ लागला. पण त्या ३४ रुपयांत पाच वाटांचा आवाज मिळेलच असं नव्हतं. पुष्कळ जुन्या सिनेमांचा आवाज मुळातच एका किंवा दोन वाटांचा. केबलवरून येणारं क्रिकेटही तसंच. म्हणजे आम्ही पाच तोंडं विकत घेतली आणि बोलायला दोन जण आले. बाबा जिन्यावरच्या स्पीकरला कान लावून बसायचे. "याचं काहीतरी बिघडलंय." मी म्हणायचो, "बाबा, त्याला आज काम नाहीये." ही कल्पना त्यांना पटत नसे. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. काम नसलं तरी हजेरी लागली पाहिजे असं त्यांचं मत. शेवटी मी रिमोटवर ती एक कळ शोधून काढली, जिच्यामुळे पाचही स्पीकर तेच ते बोलू लागतात. आवाजशास्त्राच्या दृष्टीने हे पाप आहे. बाबांच्या दृष्टीने पैसे वसूल झाले.

संवादांचं दुखणं मात्र कधी बरं झालं नाही. अशा सिनेमांत माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं, आणि खोक्यातला सगळ्यात लहान जीव नेमका तोच. नायक नायिकेच्या कानात काहीतरी सांगतो, आवाज वाढवा, आवाज वाढवा, काय म्हणाला? तोवर गाणं सुरू होतं आणि भिंतीवर दोन थापा पडतात. दोन तासांच्या सिनेमात एका माणसाला रिमोट हातात धरून चौकीदारासारखं बसावंच लागायचं. त्या माणसाला सिनेमाची गोष्ट विचारू नये.

पाहुणे आले की वेरूळ दाखवणं हा आमच्या शहरातल्या प्रत्येक कुटुंबाचा जोडधंदा असतो. तसा एकदा दहाव्या लेण्यात उभा होतो. बाराशे वर्षांहून जुनं हे बौद्ध चैत्यगृह, स्थानिक नाव सुतार का झोपडा. कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या वाटाव्यात अशा दगडी फासळ्या कोरलेल्या, पुढे बसलेले बुद्ध आणि मागे स्तूप. कुणीतरी तिथे लांब ओंकार लावला. त्याने तोंड मिटल्यानंतरही आवाज छताखाली फिरत होता, आणि तो कुठल्या बाजूने येतोय हे सांगता येत नव्हतं. पाहुण्यांना वायर कुठे दिसेना. पण त्याच पाहुण्यांच्या मुलाने मोठ्याने काहीतरी विचारलं तेव्हा एक शब्द दुसऱ्यावर चढला, दुसरा तिसऱ्यावर, आणि प्रश्नाचा नुसता गोंगाट उरला. आवाज मागे रेंगाळतो तिथे संथ पठण फुलतं आणि बोलणं बुडतं. सूत्रपठणासाठी ते दालन अप्रतिम आहे. तिथे बसून रहस्यपट पाहिला असता तर खुनी कोण ते कुणालाच कळलं नसतं. शहागंजच्या त्या पोराने एका टाळीत आमच्या हॉलबद्दल हेच सांगितलं होतं. फरक इतकाच, की लेणं कोरणाऱ्यांना तिथे काय म्हटलं जाणार आहे ते माहीत होतं. आमच्या हॉलमध्ये एकाच संध्याकाळी हरिपाठ, टी-ट्वेंटी, कुकरची शिट्टी, भाचीचे पाढे आणि "मेथीऽऽ, ताजी मेथीऽऽ" असं सगळं एकदम होतं. चहूकडून आवाज यावा म्हणून या घरात काही विकत आणायची मुळात गरजच नव्हती.

आणि पाणी. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडीसारखं अफाट धरण, तिथून पाणी उपसून शहरात येतं, आणि नळाला काही दिवसांआड येतं. ते येण्याची वेळ ठरलेली नसते. त्यामुळे शहराचा एक कान कायम नळाकडे असतो. तोटीतून आधी हवा येते, मग एक खाकरा, मग धार. त्या खाकऱ्याचा नेमका सूर आमच्या आईला झोपेतही कळतो. सिनेमाच्या ऐन रंगात ती एकदम हात वर करायची, "थांबा!" आणि आम्ही आवाज बंद करायचो. सगळे निश्चल. पडद्यावर तोंडं हलताहेत, बॉम्ब फुटताहेत, आणि आम्ही सहा जण मोरीच्या दिशेला कान करून बसलेलो. होम थिएटरमध्ये आम्ही इतक्या एकाग्रतेने दुसरं काहीच ऐकलेलं नाही. काकूंशी झालेल्या करारात मग एक कलम वाढलं. दोन थापा म्हणजे आवाज कमी करा. एकच थाप म्हणजे पाणी आलंय.

यंत्राला खरी प्रतिष्ठा मिळाली ती मागच्या बाजूच्या एका भोकाने. भारतात विकायच्या यंत्रांना माइक लावायची सोय ठेवावी, हे ज्या अभियंत्याला सुचलं त्याला आपली माणसं कळली होती. माइकच्या शेजारी एक बटण, एको नावाचं. त्या बटणाने माणसाचा आवाज किल्ल्यावरून आल्यासारखा व्हायचा. गणपतीत गल्लीची आरती आमच्या खोक्यावर, सत्यनारायणाची कथा आमच्या खोक्यावर, हळदीकुंकवाला वाणात काय आहे त्याची घोषणाही खोक्यावरच. साधुवाण्याची नाव बुडाली तेव्हा गुरुजींनी एको पूर्ण वाढवायला सांगितला होता, इतके ते तयार झाले होते. डीव्हीडीपेक्षा माइकच्या भोकाने पैसे फेडले, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

मग लेन्स गेली. आधी डीव्हीडी अडखळायला लागली, मग "नो डिस्क" म्हणायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, नवी लेन्स मिळत नाही, आणि मिळाली तर परवडत नाही. दरम्यान पिसारे मिटून टीव्ही चपटे झाले. चपट्या टीव्हीच्या पोटात स्पीकरला जागा नसते, त्यामुळे त्यांचा आवाज पातळ. म्हणजे खोक्याची खरी गरज आत्ताच होती. पण नव्या टीव्हीच्या भोकात जुन्या खोक्याच्या पिना बसेनात. बरं, निदान ते पाच स्पीकर तरी दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला लावावेत, तर त्यांची टोकं त्या कंपनीची स्वतःचीच, हिरवी-लाल-जांभळी, आणि ओमचं गणित बाहेरच्या कुणाशीच न जुळणारं. सगळं एकात असण्याची ही दुसरी बाजू दुकानात कुणी लावून दाखवत नाही. त्यातलं एक थकलं की उरलेल्या सात धडधाकट वस्तू जागेवर बसून राहतात.

हा हिशेब मोठमोठ्यांनाही चुकत नाही. चितेगाववाल्यांनी टीव्हीबरोबर फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी असं घरातलं जवळजवळ सगळंच बनवलं. २००५च्या सुमारास फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला, इलेक्ट्रोलक्सचा भारतातला कारभार घेतला. रव्वाच्या तेलक्षेत्रात त्यांचा पाव हिस्सा होता आणि मोझांबिकच्या समुद्रातल्या वायूत एक दशांश. पुढे मोबाइल, पुढे घराघरांवर डीटूएचच्या तबकड्या. पिक्चर ट्यूब मुबलक हाताशी आल्या तोवर जगाने चपटे पडदे घ्यायला सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मोबाइलचे १२२ परवाने रद्द केले, त्यात यांचे २१ होते. आणि जून २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अर्थतज्ज्ञ याची कारणं खंडीभर सांगतात आणि ती त्यांना सांगू द्यावीत. आमच्या नाक्यावर एवढंच झालं, की बस यायची थांबली. टीव्ही पाहून त्यातला बिघाड सांगू शकणारी माणसं मग वाळूजला, शेंद्र्याला, कुणी विम्याच्या पॉलिस्या विकायला गेली. त्यांच्यातलेच एक काका आमचा खोका एकदा उघडून बसले होते. लेन्स काही झाली नाही, पण आतलं सोल्डरिंग पाहून म्हणाले, "हे बाईच्या हातचं काम आहे. बघा किती स्वच्छ." आणि झाकण परत लावताना त्यांनी प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला.

खोका त्यानंतरही टिकला, फक्त हुद्दा बदलत गेला. पेनड्राइव्हवरचा हरिपाठ हे त्याचं शेवटचं नियमित काम. मधला स्पीकर पुस्तकांना टेकू झाला. जिन्यावरच्या स्पीकरवर मांजर बसायला लागलं. सबवूफरवर आधी मनीप्लँट आला, मग मोबाइलचा चार्जर, आणि संक्रांतीला हिने त्यावर हिमरूचं एक जुनं कापड घातलं. नवीन माणसाला ती तिपाईच वाटते.

परवा भाच्याने साउंडबार आणायचं ठरवलं आणि खोका काढायचा निर्णय बहुमताने झाला. दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला आत बोलावलं. त्याने एकेक वस्तू हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, वायरीचं टोक दाताने सोलून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "तांबा नही साब, पतरा है." मग सबवूफरवरचं हिमरू उचललं तेव्हा त्याचे डोळे जरा चमकले.

"ये चलता क्या?"

"चालतो की."

"तो फिर भंगार में कायको? चालू है तो जाफर गेट के बाजार में जाता, इतवार को. रिमोट होना लेकिन."

रिमोटची शोधाशोध सुरू झाली. आई म्हणाली देवघरात, बाबा म्हणाले तूच शेवटचा घेतला होतास, भाचा म्हणाला रिमोट म्हणजे कसा दिसतो? शेवटी तो शोकेसमध्ये, शिकाऱ्याच्या आत सापडला. सेल फुटून पांढरे झालेले. भंगारवाल्याने शर्टाच्या टोकाने आतलं सगळं पुसलं, भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून त्यात घातले आणि म्हणाला, "बजा के दिखाव."

प्लग लावला. निळी अक्षरं हळूहळू उजळली, एफएम लागलं, आणि एको कुणीतरी पूर्ण वाढवून ठेवलेला असल्यामुळे निवेदिका थेट गडावरून बोलू लागली. शोकेसच्या काचा घड्यांसकट थरथरल्या. तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. आम्ही दुसरीची वाट पाहिली. दुसरी आली नाही.

"पाणी!" आई ओरडली, आणि मोटर लावायला, पाइप जोडायला, गच्चीवरचं टाकीचं झाकण काढायला जो तो धावला. बादल्या, पिंप, पातेली, कूलरची टाकी, सगळं भरून, पायजमे वर खोचलेल्या अवस्थेत आम्ही हॉलमध्ये परत आलो, तर भंगारवाला सबवूफरवर मांडी घालून किशोरकुमार ऐकत बसला होता. मी भाव विचारला तर त्याने हातानेच थांबायची खूण केली.